जनरल स्टँडिंगमधून कॉन्सर्टच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात मोठमोठ्या कॉन्सर्ट भरवणारे सगळे आयोजक आणि त्यांची तिकिटं विकणाऱ्या कंपन्या

विषय: मागे उभं राहणाऱ्यांचं तुम्ही नक्की काय करायचं ठरवलंय

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकांचा मेल आला. तुम्ही मागच्या वर्षी आमच्या परिवारात सामील झालात म्हणून ह्या वर्षीची तिकिटं सगळ्यात आधी तुम्हाला, असं. परिवार वगैरे वाचून जरा बरं वाटलं, मग खाली खाली गेले तर दर वाढलेले, जनरल स्टँडिंगच्या, म्हणजे मागे उभं राहायच्या तिकिटाच्या, पुढे अजून एक नवीन महागडा कप्पा टाकलेला, गेट दुपारी ३ ला उघडणार, एकदा आत गेलात की बाहेर पडून परत येता येणार नाही, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात तेच जुनं कलम की आयोजक कुठलीही पूर्वसूचना न देता मैदानाची रचना बदलू शकतात आणि त्यासाठी पैसे परत मिळणार नाहीत. मागच्या वर्षी ह्याच कलमावर बोट ठेवून तुम्ही आम्हाला वाटेला लावलं होतं.

झालं काय ते सांगते. नाव घेत नाहीये, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे "आम्ही त्यातले नाही हां" म्हणून मोकळे होतात, आणि आहात तुम्ही बरेचसे त्यातलेच. तर तिकीट काढताना नकाशात असं होतं की स्टेज, स्टेजसमोर फॅन पिट म्हणजे स्टेजला लागून उभं राहायचा कप्पा, आणि फॅन पिटच्या मागे आम्ही. आम्ही म्हणजे मी, माझी बहीण आणि तिची मुलगी. प्रत्यक्षात जाऊन बघतो तर फॅन पिट आणि आमच्या मधे एक लोखंडी माचा उभारलेला, चांगला पुरुषभर उंच, त्यावर सोफे, सोफ्यांवर स्पॉन्सरचे पाहुणे, आणि त्यातले कित्येक सोफे शेवटपर्यंत रिकामेच. म्हणजे रिकाम्या सोफ्याच्या पाठीकडे बघत आम्ही गाणं ऐकलं. भाची उंचीने कमी आहे, तिला तो गायक दिसला तो फक्त स्क्रीनवर, आणि स्क्रीनचाही खालचा भाग साऊंडवाल्यांच्या तंबूने झाकलेला, त्यामुळे नाकाच्या वरचा गायक दिसला म्हणा. तक्रार केली तर उत्तर आलं की अटी आणि शर्ती तुम्ही मान्य केलेल्या आहेत. सही करून उत्तर पाठवणाऱ्या माणसाचं नावही नव्हतं, नुसतं "टीम". आता तीच भाची विचारतेय, मावशी ह्या वर्षी जायचं का, एवढे पैसे घालणं वर्थ आहे का गं? आणि मला पटकन हो म्हणता येईना, म्हणून हे पत्र.

मी कोण तर कोणी नाही. डोंबिवलीला राहते, ठाण्यात नोकरी करते, गाणं शिकलेली नाही पण ऐकायचं वेड बाबांमुळे लागलं. बाबा दर डिसेंबरला रजा टाकून पुण्याला सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, जायचे आणि मला न्यायचे, तेव्हा तो रमणबागेत असायचा आणि रात्र रात्र चालायचा. नंतर मी माझ्या पैशाने रॉक, पॉप, गझल, कव्वाली, मराठी गाण्यांचे कार्यक्रम, सगळीकडे गेले. त्यामुळे "आजकालच्या पोरांचा धांगडधिंगा" म्हणणारी बाई समजून हे पत्र बाजूला टाकू नका, मी त्याच धांगडधिंग्यात नाचणारी आहे.

आणि हेही आधीच सांगते की लाइव्ह ऐकणं हे माझ्या मते पैसे घालण्यासारखंच आहे, तिथे माझा काही वाद नाही. रेकॉर्डिंग म्हणजे दहा वेळा घेऊन त्यातला चांगला ठेवलेला माल, तो घरी हेडफोन लावून ऐकावा, मी ऐकतेच. पण समोर बसलेला गवई एखादी जागा, म्हणजे गाण्यातली नाजूक हरकत, घ्यायला जातो, सूर जरासा निसटतो, तो परत तिथेच जातो आणि ह्या वेळी अशी घेतो की सगळा मांडव एकदम "आहा" करतो, हे स्पीकरवर नाही मिळत. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना हजार माणसांच्या माना एकदम हलतात आणि ते गाणाऱ्याला वरून दिसत असतं, आणि ते दिसलं म्हणून तो तीच जागा अजून तीन प्रकारांनी घेऊन दाखवतो. दाद ही देवघेव आहे हो, नुसत्या टाळ्या नाहीत. रॉकच्या गर्दीतही तेच, फक्त माना जास्त जोरात हलतात. २६ जानेवारी २०२५ ला कोल्डप्ले ह्या ब्रिटिश बँडचा अहमदाबादचा शो ओटीटीवर लाइव्ह दाखवला, आम्ही घरी पोहे खात खात बघितला, चित्र झकास, आवाज स्वच्छ, बाथरूम दहा पावलांवर, कुणाची कोपरं लागत नव्हती. तरी भाची अर्ध्यातून म्हणाली की तिथे असायला पाहिजे होतं. तिचं बरोबरच होतं. तुमचा सगळा धंदा ह्या एका वाक्यावर उभा आहे, आणि तुम्ही तेच वाक्य खोटं ठरवायच्या मागे लागलाय.

कारण तिथे असायला म्हणून आम्ही येतो आणि तुम्ही आम्हाला तिथून शक्य तितकं लांब उभं करता. पंगत मांडायची शंभर पानांची आणि वाढपी फिरवायचे पुढच्या दहा पाटांवर, असं चाललंय. पुढे लाउंज, मग प्लॅटिनम, मग गोल्ड, मग सिल्व्हर, मग आम्ही. पुढच्या सोफ्यावरचा पाहुणा स्टेजकडे पाठ करून सेल्फी काढतोय, आणि ज्याला प्रत्येक शब्द पाठ आहे तो कॉलेजचा पोरगा दोनशे मीटर मागे बॅरिकेडला लटकून ओरडतोय, त्याची दाद पोचणार कुठे आणि कशी? हे फक्त आम्ही रडतोय असंही नाही. डिसेंबर २०२४ ला चंदीगडच्या शोमध्ये गायक दिलजीत दोसांझ स्वतः बोलला होता की स्टेज मधोमध असावा, माणसं भोवती असावीत, नीट सोयी होत नाहीत तोवर इथे शो करणार नाही. नंतर त्याने खुलासा केला की ते चंदीगडच्या जागेपुरतं होतं, ठीक आहे, पण गाणाऱ्यालाच मांडणी खटकली ना. सवाईतही पुढे सोफे असतात, मी काही डोळे मिटून कौतुक करणार नाही, पण तिथे मागे भारतीय बैठकीवर बसलेल्या माणसाला आपण कार्यक्रमाला आलोय असं वाटतं, कार्यक्रमाच्या हद्दीवर उभे आहोत असं वाटत नाही. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या नावाने सुरू केलेली गोष्ट अजून चालू आहे ती त्या बैठकीवरच्या लोकांमुळे, सोफ्यांमुळे नाही.

आता आवाजाचं. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण ह्यावर कोणीच बोलत नाही, सगळे टॉयलेटवर येऊन थांबतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून शंभर मीटर मागे उभ्या माणसाला गायकाचा शब्द जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि स्क्रीनवर ओठ मात्र आधीच हललेले असतात. दोनशे मीटरवर तर अर्ध्या सेकंदाच्याही पुढे. ह्याला उपाय आहे आणि तो तुमच्या साऊंडवाल्याला माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगला माहितीय: मैदानात मधे मधे डिले टॉवर, म्हणजे स्पीकर लावलेले खांब, उभे करायचे आणि त्यातला आवाज हिशोबाने तेवढा उशिरा सोडायचा, म्हणजे पुढून आलेला आणि मधून आलेला आवाज एकमेकांवर आदळत नाही आणि मागच्यालाही शब्द कळतात. ओठांचं आणि आवाजाचं न जमणं त्याने पूर्ण जात नाही, ते मला कळतं, पण शब्द तरी कळतात. ह्याला पैसे लागतात. मग होतं काय, टॉवर कमी लावायचे किंवा लावायचेच नाहीत आणि स्टेजवरचेच स्पीकर इतके मोठे करायचे की पुढच्यांचे कान फुटतात आणि मागे नुसता धप्प धप्प बेस पोचतो. म्हणजे पुढचा माणूस महाग तिकीट काढून बहिरा होतो आणि मागचा स्वस्त तिकीट काढून काहीच ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सांगितलीय, १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजत राहावा, कानात घालायची बोळी उपलब्ध ठेवावीत, थोडा वेळ कानांना आराम द्यायला शांत जागा असावी. ह्यातलं एक तरी तुमच्या गेटवर बघितलंय का कोणी? मी नाही बघितलं. बोळी मी घरून नेली तर सिक्युरिटीच्या बाईंनी डबी उघडून हुंगून बघितली, काय समजल्या देव जाणे.

आणि उशीर. तिकिटावर ४, गेट उघडतं साडेचारला, मग दोन-तीन जण येऊन गातात ज्यांची नावं पोस्टरवर बारीक असतात (त्यातले काही फार चांगले असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही), मग तासभर नुसत्या जाहिराती स्क्रीनवर आणि मुख्य माणूस साडेआठला. इथे रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, सरकार वर्षातले फार फार तर १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, बाकी दिवशी नाही. मला तो नियम मान्य आहे, मैदानाशेजारी राहणाऱ्यांनाही झोप आहे. पण मग १० ला बंद करायचंय हे तुम्हाला महिनोन्‌महिने आधी माहिती असतं ना? तुमचा तासभर उशीर म्हणजे आमचा तासभर कार्यक्रम कमी, इतका सरळ हिशोब आहे. सवाईवाल्यांनी ह्याच नियमामुळे रात्रभरचा महोत्सव दुपारी सुरू करायची सवय लावून घेतली आणि लोकांनीही ती लावून घेतली. तुम्हाला साडेआठचं सात नाही करता येत?

पैशाचं. पहिल्या पानावर ५००० दिसतात, बरं चला म्हणून पुढे जावं तर त्यावर बुकिंग फी, कन्व्हिनियन्स फी, कसलीशी हँडलिंग फी, मग कर, आणि हे सगळं तेव्हा दिसतं जेव्हा कोपऱ्यात पाच मिनिटांचं घड्याळ उलटं पळत असतं आणि आपला हात थरथरत असतो. कराबद्दल तुम्हाला बोलत नाही, ५०० च्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, ५००० वर ९०० झाले, तो सरकारचा. पण बाकीचं? पायरीपायरीने किंमत वाढवत न्यायची ह्याला केंद्र सरकारच्या ग्राहक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच ग्राहकाला फसवायचा प्रकार म्हणून नाव घालून दिलंय, खोटी घाई लावण्यालाही. अमेरिकेत मे २०२५ पासून कॉन्सर्टच्या तिकिटाची सगळी फी धरून पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते, आणि तिथल्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत. आत गेल्यावर परत मनगटाला पट्टा, पट्ट्यात पैसे भरा, रोख चालत नाही, उरलेले परत हवेत तर अर्ज करा आणि त्या अर्जालाही चार्ज. माझे शंभर-दीडशे तिथेच राहिले. असे किती जणांचे राहत असतील ते तुम्हालाच माहिती.

काळ्याबाजाराबद्दल काय लिहू, सगळ्यांनी बघितलंय. सप्टेंबर २०२४ ला नेरुळच्या कोल्डप्लेची तिकिटं निघाली, लाखो लोक ऑनलाइन रांगेत, आणि थोड्याच वेळात तीच तिकिटं दुसऱ्या साइटवर लाखांच्या भावात. पोलीस झाले, ईडी झाली, हायकोर्टात जनहित याचिका झाली, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने ती फेटाळली की कायदा करणं हे सरकारचं काम आहे. बरोबर आहे, सरकारने करावा. आयर्लंडने २०२१ मध्ये केला, छापील किमतीपेक्षा जास्तीने विकायचं नाही. पण कायदा येईपर्यंत तुमचे हात कोणी बांधलेत? रेल्वेच्या रिझर्व्हेशनवर नाव असतं, विमानाच्या तिकिटावर असतं, तुमच्याच तिकिटावर नाव छापायला शाई संपते? ज्याला जमणार नाही त्याने तुमच्याच ॲपवर छापील किमतीला परत टाकावं, पुढच्या रांगेतल्याला मिळावं, झालं. नोकरीवाल्या माणसाची रजा नामंजूर होते, पोरं आजारी पडतात, तेव्हा परत द्यायची सोय नाही म्हणून साधी सरळ माणसंही ग्रुपवर तिकीट विकत बसतात आणि मग कोणी तरी एकच क्यूआर कोड चार जणांना विकून पळतो.

पाणी, टॉयलेट, जमिनीवरची धूळ ह्यावर थोडक्यात. बाटली गेटवर फेकायला लावता, सुरक्षेचं कारण देता, मान्य, मग आत प्यायचं पाणी फुकट आणि भरपूर ठेवा, एका कोपऱ्यात दोन जार ठेवून त्याला सोय म्हणू नका. बायकांची टॉयलेटची रांग पुरुषांच्या तिप्पट असते हे सगळ्या जगाला माहितीय, तरी दोन्हीकडे खोकी सारखीच. माझी बहीण दुपारपासून घोटभरही पाणी प्यायली नाही, का तर जावं लागू नये म्हणून. हे वाचताना तुमच्यातल्या पुरुषांना विचित्र वाटेल, बायका माना डोलावतील. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर तुम्ही तिकीटच का विकता कळत नाही, खडीच्या मैदानावर तो ती ढकलणार कशी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीच्या जागांचाही विचार केलाय, वाचा एकदा.

गर्दीचं मात्र थोडक्यात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केरळात कोचीच्या विद्यापीठात कॉन्सर्टच्या आधी चेंगराचेंगरी होऊन चौघं गेले, कॉलेजचा कार्यक्रम होता, पाऊस आला आणि बाहेरची गर्दी एकदम आत घुसली. २०२१ ला अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका कॉन्सर्टमध्ये दहा गेले, तिथे तर पैसा, यंत्रणा सगळं होतं. म्हणजे माणूस चेंगरतो तो गरीब देशात म्हणून नाही, एका कप्प्यात किती माणसं मावतात ह्याचा हिशोब कोणी तरी ढिला सोडतो म्हणून. तुम्ही पुढे जितके सोफे आणि माचे टाकता तितके मागचे आम्ही जास्त दाबले जातो, कारण मैदान तेवढंच असतं आणि तिकिटं कमी केलेली नसतात. मागच्या वेळी बाहेर पडताना एकच गेट उघडं होतं, बाकीची गेटं व्हीआयपींच्या गाड्यांसाठी. मी भाचीचा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिच्या मनगटावर वळ होता. बाउन्सर ओरडत होते "चलो चलो", कुठे चलो ते कोणी सांगेना.

तिथून घरी जायचं हा वेगळाच अध्याय. नेरुळहून डोंबिवली म्हणजे आधी ट्रान्स-हार्बरने ठाणे, मग ठाण्याहून कल्याणकडची गाडी, आणि कार्यक्रम १० ला संपून मैदानातून बाहेर पडायलाच ११ वाजले तर त्यातली एखादी चुकतेच. मग शिळफाट्यावरून कॅब, कॅबवाला म्हणेल तो भाव. महालक्ष्मीला किंवा बीकेसीला असलं तर स्टेशनपर्यंत चालत सुटायचं, रिक्षा टॅक्सी तिथे रात्री सापडत नाही आणि सापडली तर मीटर सापडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेसाठी गोरेगाववरून नेरुळला खास लोकल सोडली होती, म्हणजे ठरवलं तर रेल्वेशी बोलता येतं. तुमच्या बजेटमध्ये स्टेजवर आगीचे फवारे बसतात, त्यात एक लोकल आणि चार बस बसत नाहीत?

मला माहितीय तुमची बाजू काय असणार. परवानग्या दहा खात्यांच्या, मैदानाचं भाडं, परदेशी कलाकाराचं मानधन डॉलरमध्ये, पाऊस, पोलीस बंदोबस्ताचे पैसे, आणि स्पॉन्सर नसेल तर जनरलचं तिकीट दुप्पट होईल. ह्यातलं बरंचसं खरंही असेल. पंतप्रधानांनी सुद्धा जानेवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला कोल्डप्लेच्या मुंबई-अहमदाबादच्या शोंचं उदाहरण देऊन कॉन्सर्टच्या अर्थव्यवस्थेबद्दल सांगितलं, म्हणजे तुम्हाला सवलती मागायला आता चांगले दिवस आहेत. मागा, जरूर मागा, एक खिडकी परवानगी मागा, चांगली कायमची मैदानं मागा, आम्हीही तुमच्या बाजूने बोलू. फक्त स्पॉन्सरला माचा बाजूला बांधून द्या, आमच्या डोळ्यांसमोर नको. आणि मोबाईल वर धरून अख्खा शो शूट करणारे जे आहेत ते तुमच्यावर ढकलत नाही, ते आमचं आम्ही बघून घेऊ.

तर मागण्या. साध्या आहेत, कुठलीच अशक्य नाही.

एक, तिकीट विकताना मैदानाचा मापासकट नकाशा द्या, कुठला कप्पा स्टेजपासून किती मीटर, कुठून स्क्रीन झाकला जातो. विक्री सुरू झाल्यावर नकाशा बदललात तर ज्याला नको त्याला फीसकट पूर्ण पैसे परत, अर्ज न करता.

दोन, पहिल्या पानावर दिसेल तीच शेवटची किंमत.

तीन, तिकिटावर नाव, आणि परत द्यायची सोय तुमच्याच ॲपवर, छापील किमतीला.

चार, मुख्य कलाकार किती वाजता स्टेजवर येणार ते दोन दिवस आधी सांगा आणि पाळा. अर्ध्या तासाच्या वर उशीर झाला तर का झाला ते तिथेच माइकवर सांगा, आम्ही समजून घेणारी माणसं आहोत, नुसतं ताटकळत ठेवलं की डोकं फिरतं.

पाच, मागच्या कप्प्यांसाठी डिले टॉवर, आवाज किती डेसिबल चाललाय ते स्क्रीनच्या कोपऱ्यात, गेटवर कानाची बोळी.

सहा, पाणी फुकट. बायकांची टॉयलेट पुरुषांच्या निदान दुप्पट. दर कप्प्यात किती माणसं सोडणार तो आकडा त्या कप्प्याच्या गेटवर मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे आम्हालाही कळेल कधी आत शिरायचं नाही ते.

सात, संपल्यावर सगळी गेटं उघडी, आणि रेल्वे, मेट्रो, बेस्ट, एनएमएमटी, पीएमपी ह्यांच्याशी आधी बोलून ठेवलेल्या गाड्यांचं वेळापत्रक तिकिटाबरोबरच.

उत्तर मला मेलवर पाठवू नका, "टीम" ची मेल मी आता उघडत नाही. विक्रीच्या पानावर जिथे तुम्ही अटी आणि शर्ती छापता तिथेच ह्यातलं काय करणार आणि काय नाही ते छापा, म्हणजे माझ्यासारख्या बाकीच्यांनाही तिकीट घ्यायचं की नाही ते ठरवता येईल. तोपर्यंत आमच्या घरातून तुमचं एकही तिकीट निघणार नाही, आम्ही पुण्याला बैठकीवर जाऊन बसू. मागच्या वर्षीच्या त्या माच्याची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंदवलीये, दाद नाही मिळाली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही हे ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते. ज्यांच्याकडे जुन्या शोचे नकाशे आणि प्रत्यक्षातले फोटो असतील त्यांनी जपून ठेवा, पुरावा म्हणून तेच लागतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जनरल स्टँडिंगमधली एक,
डोंबिवली पूर्व